वर्षअखेरीचे व्हिडिओ-तास: दहा महिने वापरून झाल्यावर

मागच्या वर्षी परीक्षा संपल्या आणि सुट्टी लागायला अकरा दिवस उरले. पुस्तक शिकवून झालेलं, मुलांचं लक्ष खिडकीबाहेर. इंग्रजीच्या तासाला मी एक २५ मिनिटांचं कार्टून लावलं आणि मागच्या बाकावर वह्या तपासत बसले. वर्ग चिडीचूप. म्हटलं, जमलं की! संपल्यावर विचारलं, "व्हॉट डिड यू सी?" सगळ्या वर्गातून एकच उत्तर आलं, "टीचर, अजून एक लावा ना!" तेही मातृभाषेत.

ती फजिती डोक्यात ठेवून या वर्षी पहिल्या महिन्यापासूनच आठवड्यातला एक तास व्हिडिओला दिला आणि जे टिकलं ते शेवटच्या दोन आठवड्यांत रोज वापरलं. मुलं आठ-नऊ वर्षांची, पातळी ए-वनच्या (भाषाज्ञान मोजायच्या युरोपीय पट्टीवरची पहिली पायरी) आतबाहेर. म्हणजे रंग, प्राणी, कपडे, "आय कॅन जम्प", "ही इज रनिंग" एवढी पुंजी.

पहिला धडा मलाच मिळाला: व्हिडिओ जितका छोटा आणि त्यात बोलणं जितकं कमी, तितकी मुलं जास्त बोलतात. ऐकायला उलटं वाटतं, पण पडद्यावरचं पात्र घडाघडा इंग्रजी बोलू लागलं की मुलं नुसती बघत राहतात. पात्र गप्प असलं की त्याचं बोलणं मुलांना पुरवावं लागतं. म्हणून 'शॉन द शीप' माझ्या फार कामी आलं. २००७ साली सुरू झालेली ही मालिका, भाग साधारण ७ मिनिटांचा आणि संवाद नाहीतच. 'पिंगू' या कार्टूनमधली पेंग्विनं बोलतात, पण ती भाषा जगात कुणाचीच नाही, त्यामुळे "मला कळलं नाही" म्हणायला कुणाला जागाच उरत नाही. अख्खा भाग मी कधीच दाखवत नाही. २ मिनिटांचा तुकडा ४० मिनिटांच्या तासाला भरपूर होतो.

पण खरं काम व्हिडिओ करत नाही, ते थांबवण्याचं बटण करतं. एका मूक ॲनिमेशनमध्ये म्हातारबुवांची टोपी वाऱ्यानं उडते. टोपी डोक्यावरून बोटभर उचलली गेली की मी थांबवते. "व्हॉट इज हॅपनिंग?" पहिल्यांदा आलं, "हॅट गो." मी काहीच न बोलता एक सेकंद पुढे सरकवलं. टोपी हवेत. "हॅट गोइंग!" अजून एक सेकंद. मागून कुणीतरी ओरडलं, "द हॅट इज गोइंग!" आणि मग सगळा वर्ग तेच वाक्य ठेक्यात म्हणायला लागला. चालू वर्तमानकाळ मी फळ्यावर तीनदा शिकवला होता. पडद्यावर क्रिया अर्धवट लटकलेली दिसली तेव्हा तो मुलांना कळला.

यूट्यूबवर संगणकाचा कीबोर्ड वापरत असाल तर 'के' दाबलं की थांबतं, 'जे' दाबलं की १० सेकंद मागे, आणि थांबवलेल्या अवस्थेत स्वल्पविराम नि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक चित्र मागे-पुढे सरकतं. हे मला सहाव्या महिन्यात कळलं. तोवर माउसशी झटापट करत होते आणि टोपी दर वेळी हातची जात होती.

जोडीचा खेळ हमखास चालतो. एकानं पडद्याकडे बघायचं, दुसऱ्यानं पाठ करून बसायचं आणि बघणाऱ्यानं सांगायचं. मात्र ४० सेकंदांनी अदलाबदल हवीच, नाहीतर पाठमोरी मुलं मान वळवतात (वळवतातच, मीही वळवली असती). गोंगाट प्रचंड. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.

न जमलेल्यांत सबटायटल्स पहिली. या वयात मुलं अक्षरं लावत बसतात आणि चित्र निघून जातं. आपोआप तयार होणारी तर गाण्यांवर भलतंच काहीतरी छापतात. हातवाऱ्यांची गाणी शेवटच्या आठवड्यात गंमत म्हणून ठीक. मुलं तोंडपाठ म्हणतात, पण अर्थ विचारला की एकमेकांकडे बघतात. तयार कार्यपत्रिकांचा एक विकतचा संचही घेऊन पाहिला. त्यातले निम्मे व्हिडिओ उघडतच नव्हते, उरलेल्यांवरचे प्रश्न "कोणता रंग?" याच्या पुढे जात नव्हते. ब्रिटिश कौन्सिलच्या मुलांसाठीच्या संकेतस्थळावर छोटे व्हिडिओ आणि छापता येणाऱ्या पत्रिका फुकट आहेत, त्या यापेक्षा कितीतरी बऱ्या. आणि स्वयंचलित पुढचा व्हिडिओ आधी बंद करा. माझ्या वर्गात एकदा म्हातारबुवांनंतर थेट शार्क आला होता.

वर्षअखेरीसाठी सगळ्यांत चांगलं निघालं ते डबिंग. ३० सेकंदांचा मूक तुकडा, चार-चार मुलांचे गट. वाक्यं स्वतः लिहायची आणि व्हिडिओ चालू असताना बोलायची. मला वाटलं होतं एका तासात उरकेल, लागले तीन. कारण वर्गात नेहमी सगळ्यांत आधी हात वर करणाऱ्या मुलानं लिहिलं, "प्लीज डू नॉट टेक माय बॅग." तो "टेक"पर्यंत पोचला तेव्हा पडद्यावरचं तोंड मिटलं होतं. गट हसून लोळला. मग भांडण सुरू झालं. "प्लीज" काढा. नको, मग ते उद्धट वाटेल. बरं, "डू नॉट"चं "डोन्ट" करा. शेवटी "हे! माय बॅग!" वर तोडगा निघाला आणि तोंडाशी अगदी चपखल बसला. आखूड रूपं कशासाठी असतात, हे समजावण्यात माझा आधी एक अख्खा तास वाया गेला होता.

तयारीला वेळ लागतो, ते लपवत नाही. २ मिनिटांच्या तुकड्यासाठी कुठे थांबायचं, काय विचारायचं हे ठरवण्यात अर्धा तास सहज जातो, आणि आदल्या दिवशी पाहिलेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी गायब असू शकतो, म्हणून एक जादाचा हाताशी हवा. पुढच्या वर्षी डबिंग तीन आठवडे आधी सुरू करणार आहे.

शेवटच्या तासाला काय बघायचं ते मुलांवर सोडलं. टोपीच मागितली, सातव्यांदा. आणि या वेळी मला थांबवू दिलं नाही, कीबोर्डपाशी एक मुलगी बसली आणि दर दोन सेकंदांनी 'के' दाबून मलाच विचारत होती, "टीचर, व्हॉट इज हॅपनिंग?"