तीन रांगांच्या गाडीतला पुढचा-मागचा एसी: काही महिन्यांच्या वापरानंतर

‘रिअर एसी’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिल्या प्रकारात पुढच्याच युनिटची हवा मधल्या कन्सोलमधल्या नळीतून मागे आणलेली असते. दुसऱ्यात छताला नुसता पंखा असतो. तो केबिनमधलीच हवा ओढून मागच्यांच्या अंगावर टाकतो, थंड मात्र काहीच करत नाही. तिसऱ्यात मागे वेगळी कूलिंग कॉइल (हवा गार करणारं जाळं), तिचा वेगळा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा भाग) आणि वेगळा ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, असतो. हा अनुभव तिसऱ्या प्रकाराचा आहे. आपल्या गाडीत यातलं काय आहे ते पाच मिनिटांत कळतं. एसी चालू ठेवून पुढचा ब्लोअर सगळ्यांत कमी आणि मागचा पूर्ण करा. मागच्या व्हेंटची हवा केबिनपेक्षा स्पष्ट गार लागली तर मागे कॉइल आहे. पुढचा ब्लोअर कमी करताच मागचाही झोत मंदावला तर ती नळी. झोत जोरात पण कोमट असेल तर तो नुसता पंखा. गाडीखाली वाकून पाहिलं तरी चालतं: मागच्या चाकाकडे एक बारीक आणि एक जाड असे दोन पाइप गेलेले दिसले की कॉइल आहे. चार दिसले तर मागे हीटरही आहे.

आधी निकाल सांगतो. मोठ्या गाडीत तिसऱ्या रांगेत माणसं नेहमी बसणार असतील तर वेगळ्या कॉइलला पर्याय नाही. पण ‘दोन एसी’ म्हणून ती वापरली तर ती त्रास देते. गॅस दाबणारा कॉम्प्रेसर एकच असतो, गॅसची उष्णता बाहेर टाकणारा पुढचा कंडेन्सर एकच असतो, गॅसही एकच. मागचा भाग सुरू केला की तीच ताकद दोन ठिकाणी वाटली जाते. मागचा ब्लोअर लावल्यावर पुढची हवा मिनिट-दोन मिनिटं किंचित कमी गार लागते, त्यात बिघाड काही नाही. मागे कोणी नसेल तर मागचं बंद ठेवा. पुढचं लवकर गार होतं.

दुसरी गोष्ट कंपनीच्या पुस्तिकेत कुठेतरी एका ओळीत असते, पण सगळ्या वापराचं मर्म तिच्यात आहे. मागच्या युनिटला बाहेरची हवा घेण्याची सोयच नसते. ते केबिनमधलीच हवा पुन्हापुन्हा फिरवतं. ताजी हवा येते ती फक्त पुढून, तीही पुढचं री-सर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवण्याची सोय) बंद असेल तेव्हाच. पुढे री-सर्क्युलेशनचं बटण दाबलेलं आणि आत सात माणसं, म्हणजे सगळेजण एकमेकांनी सोडलेली हवा घेत बसलेले. उच्छ्वासात साधारण ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बंद केबिनमध्ये तो साचत गेला की मागच्यांचं डोकं जड होतं आणि चालवणाऱ्याला जांभया येतात. मग लोक ‘एसी लागला’ म्हणतात आणि तापमान बदलत बसतात, चूक मात्र त्या एका बटणाची असते. गाडी एकदा गार झाली की बाहेरच्या हवेवर या. ऊन फारच असेल आणि री-सर्क्युलेशन सोडवत नसेल तर निदान दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं बाहेरची हवा घ्या. पुढे धूर ओकणारा ट्रक असेल किंवा बोगदा लागला तर अर्थात उलटं करायचं.

उन्हात उभी राहिलेली गाडी गार करायचा क्रम असा. दारं मिनिटभर उघडी टाका. निघताना चारही काचा खाली, पुढचा ब्लोअर पूर्ण, हवा बाहेरची. साधारण मिनिटभर गाडी चालली की छताखाली साठलेली गरम हवा निघून जाते. मग काचा वर, री-सर्क्युलेशन चालू, आणि आता मागचा ब्लोअर पूर्ण. मागचा ब्लोअर पहिल्यापासून लावला तर तो छताजवळची तापलेली हवाच घुसळत राहतो. केबिन सुसह्य झाली की दोन्हीकडे ‘ऑटो’ दाबा, म्हणजे लावलेलं तापमान यंत्रणा स्वतः राखते, आणि हात काढा.

हात काढणं लोकांना जमत नाही, ही खरी अडचण. ऑटोमध्ये २४ ऐवजी १८ लावल्याने गाडी लवकर गार होत नाही. फरक मोठा असेल तर ऑटो तसाही ब्लोअर जोरात आणि गार-गरम हवा मिसळणारी आतली झडप पूर्ण गारवर ठेवतो. १८ लावल्याने एवढंच होतं की २४ ला पोचल्यावरही तो थांबत नाही. ‘लो’ त्याहून वेगळं आहे. त्यात झडप पूर्ण गारवर अडकवली जाते आणि तापमान राखण्याचा भाग बाजूलाच पडतो, म्हणून वीस मिनिटांनी सगळे कुडकुडतात. पुढे २३-२४, आणि मागच्या खिडक्यांतून ऊन येत असेल तर मागे त्याहून एक अंश कमी, एवढ्यात बहुतेक प्रवास भागतो.

ऑटोला दोन-तीन सेन्सर माहिती पुरवतात. उन्हाचा सेन्सर डॅशबोर्डवर, काचेच्या पायथ्याशी छोट्या काळ्या घुमटीसारखा दिसतो. त्यावर टिश्यूचा डबा किंवा फोनचा स्टँड ठेवला की यंत्रणेला वाटतं ऊन नाही आणि भर दुपारी ब्लोअर मंद पडतो. केबिनचा सेन्सर बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंगजवळच्या बोटभर जाळीमागे असतो आणि त्यातून हवा सतत हलकेच ओढली जाते. एसी चालू असताना टिश्यूचा नखाएवढा तुकडा जाळीवर धरा. चिकटून राहिला तर ठीक. गळून पडला तर आतली बारीक नळी निसटली आहे किंवा धुळीने तुंबली आहे. ‘ऑटो मनाला येईल तसा वागतो’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच सापडतं. मागच्या भागाला प्रत्येक गाडीत स्वतंत्र केबिन सेन्सर असतोच असं नाही. म्हणून मागच्या पडद्यावरचे २४ हा आकडा नियम न मानता अंदाज माना आणि मागे बसलेल्यांना विचारून ठरवा.

बटणांबद्दल. ‘सिंक’ लावलं की मागचं तापमान चालकाच्या मागे चालतं. मागून कोणी बदललं की बहुतेक गाड्यांत सिंक गुपचूप सुटतं, त्यामुळे ‘मी तर २४ लावलं होतं’ हा वाद होतो. ‘रिअर लॉक’ मुलांसाठी आहे आणि ते वापरायला संकोच नको. मागच्या पॅनेलवर खेळणारं मूल मागचा भाग थेट हीटरवर नेऊ शकतं. एक घोळ नेहमीचा: मागच्या काचेच्या हीटरचं बटणही ‘रिअर’ म्हणूनच ओळखलं जातं. आयताकृती चौकटीत नागमोडी बाण म्हणजे काच तापवणाऱ्या तारा. त्यांचा मागच्या एसीशी काही संबंध नाही.

हवेची दिशा छतातून गारवा आणि पायाशी ऊब अशी ठेवावी. गार हवा आपोआप खाली उतरते. मधल्या रांगेवरचे छताचे व्हेंट तोंडावर न रोखता दोन माणसांच्या मधून मागे वळवले तर तिसऱ्या रांगेलाही पुरतं. मागे तोंड करून बसवलेल्या बाळाच्या सीटची कड झोत अडवते, म्हणून पालक ब्लोअर वाढवतात आणि झोत नेमका बाळाच्या चेहऱ्यावर जातो. व्हेंट छताला समांतर करा आणि ब्लोअर मध्यम ठेवा.

दमट हवेत काचा धुरकटतात तेव्हा एसी चालू, हवा बाहेरची आणि तापमान थोडं वर. एसी बंद करून काच पुसत बसणं व्यर्थ आहे. मागच्या काचांवर अचानक वाफ धरण्याचं कारण वेगळं असतं. कॉम्प्रेसर बंद केला पण मागचा ब्लोअर चालू राहिला, तर ओल्या कॉइलवरचं पाणी वाफ होऊन तसंच केबिनमध्ये येतं. वाफ काचेच्या बाहेरून धरली असेल तर काच आतून जास्त गार झाली आहे. वायपर मारा आणि झोत काचेवरून हटवा.

कुबट वासाचा उपायही याच ओल्या कॉइलशी जोडलेला आहे. मुक्कामाच्या तीन ते पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, दोन्ही ब्लोअर मध्यम चालू ठेवा, पुढे बाहेरची हवा घ्या आणि काच बोटभर खाली करा. कॉइल सुकते, वाफ बाहेर जाते. अत्तराच्या बाटल्यांनी हे काम होत नाही.

थंडीत मागचा हीटर उशिरा तापतो, कारण इंजिनचं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गाडीखालून लांबचा प्रवास करून मागे पोचतं. कूलंट बदलल्यानंतर मागून गुळगुळ आवाज आला आणि हवा गार लागली तर त्या पाइपांत हवा अडकली आहे. कूलंट भरताना मागचं तापमान ‘हाय’वर ठेवून हवा काढून घ्यायला सांगा. गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका.

आता बिघाड. निदानासाठी स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर पुरे. दारं-काचा बंद, री-सर्क्युलेशन चालू, तापमान ‘लो’, इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास. दहा मिनिटांनी पुढच्या मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर खुपसा. बाहेरची हवा फार तापलेली नसेल तर ५ ते १० अंश यावेत. मागे दोन-चार अंश जास्त चालतात. गाडी नवी असतानाचे आकडे लिहून ठेवले असतील तर पुढे मेकॅनिकशी वाद घालावा लागत नाही.

दोन्हीकडे गरम असेल तर दोष सामायिक भागात: गॅस, कॉम्प्रेसर किंवा कंडेन्सर. सिग्नलला गरम आणि वेगात गार होत असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा पाहा, मग जाळीत अडकलेले किडे आणि धूळ. पुढे गार, मागे गरम असेल तर सर्वांत आधी मागच्या पॅनेलवरचं तापमान तपासा (हसू नका, कित्येकदा एवढंच असतं), मग हवा ओढायची जाळी, मग मागची झडप आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. मागे गार आणि पुढे गरम असेल तर गॅसवर पैसे घालवू नका. दोष पुढच्या झडपेत किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे. डावीकडे गार, उजवीकडे कोमट याची दोन कारणं असतात, झडपेचा ॲक्च्युएटर (ती हलवणारी छोटी मोटर) किंवा कमी झालेला गॅस. गाडी सुरू करताच डॅशबोर्डमागे किंवा मागच्या बाजूच्या पॅनेलमध्ये टकटक वाजलं तर ॲक्च्युएटरचे प्लास्टिकचे दाते गेले. हाताने बदलायच्या ब्लोअरचा फक्त शेवटचा वेग चालत असेल तर बिघाड रेझिस्टरमध्ये, म्हणजे ब्लोअरचे कमी वेग देणाऱ्या भागात. मागचा ब्लोअर बंद असताना मागून येणारा हलका ‘हिस्स’ आवाज बहुधा व्हॉल्व्हमधून जाणाऱ्या गॅसचा असतो. थंडावा ठीक असेल तर तो सोडून द्या.

मागचं युनिट महिनोन्‌महिने बंद ठेवू नये. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा, म्हणजे तिकडे साठलेलं कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं आणि ब्लोअरही मोकळा राहतो.

देखभालीत सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे तिसऱ्या रांगेशेजारची हवा ओढायची जाळी. ती पुष्कळ गाड्यांत बाजूच्या पॅनेलमध्ये खाली असते. बॅगा टेकल्या की ती बंद होते, आणि मग आवाज भरपूर, वारा नाही. केबिन फिल्टर पुढच्या युनिटला असतो (साधारण १५,००० किलोमीटर किंवा वर्षभर, धुळीत त्याआधी, बसवताना हवेच्या बाणाची दिशा बघा). मागे बहुतेकदा कागदी फिल्टर नसतोच, त्यामुळे बिस्किटांचा चुरा आणि केस थेट कॉइलवर जाऊन चिकटतात. व्हॅक्यूमचा ब्रश त्या जाळीवर महिन्यातून एकदा फिरवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तिसऱ्या रांगेचा गालिचा ओला लागला तर छत गळतंय असं समजू नका. बहुधा मागच्या कॉइलच्या पाण्याची नळी तुंबलेली असते. दमट दिवशी पंधरा मिनिटं दोन्ही भाग चालवून गाडीखाली पाहा. पाणी पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी ठिबकायला हवं.

गॅसचा विषय आला की कान टवकारा. दोन कॉइलच्या यंत्रणेत गॅस एका कॉइलपेक्षा बराच जास्त लागतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये असतो, आणि तिथे कधीकधी मागच्या एसीसह व त्याविना असे दोन आकडे असतात. मेकॅनिकने लहान आकडा धरला तर पुढे वेगात गारवा ठीक वाटतो, मागे मात्र कोमट हवा येते, आणि मग विनाकारण मागचा व्हॉल्व्ह बदलला जातो. आर-१३४ए आणि आर-१२३४वायएफ हे एसीच्या गॅसचे दोन प्रकार एकमेकांऐवजी चालत नाहीत. जुना गॅस मशीनने काढून, लांब पाइपांमुळे किमान अर्धा तास व्हॅक्यूम धरून, वजन करून भरायला सांगा. नुसत्या दाबाच्या गेजकडे बघून ‘थोडा टॉपअप’ करणाऱ्याला नको म्हणा. गॅस पुन्हापुन्हा कमी होत असेल तर गाडी वर उचलून मागच्या चाकाच्या कमानीजवळचे पाइपचे जोड पाहा. तेलकट काळी धूळ जिथे चिकटलेली असेल तिथून गळती आहे. चिखल आणि मिठाने हे पाइप तिथेच आधी सडतात. काही जण मागचे पाइप कापून बंद करतात आणि फक्त पुढचा एसी ठेवतात. जुनी गाडी घेताना हे तपासा: मागचा ब्लोअर फिरतो, दिवा लागतो, पण हवा कधीच गार होत नाही. अशा गाडीत स्टिकरवरचा मोठा आकडा भरला तर यंत्रणेत दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.