क्लासिक ३५० : नवीन डिस्क, सिंटर्ड पॅड, ब्रेडेड होज - अख्ख्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडी रॉयल एनफील्डची, जुन्या इंजिनाची क्लासिक ३५०, म्हणजे ३४६ सीसीवाली, पुढं २८० एमएमची डिस्क, मागं ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मी साताऱ्यात राहतो त्यामुळं घाट रोजचेच, आणि इतक्या वर्षांनी पुढची डिस्क झिजून मिनिमम थिकनेसच्या खाली गेली होती. डिस्क बदलायचीच आहे तर पुढचा ब्रेक एकदाच नीट करून घेऊ म्हटलं. उन्हाळ्यात काम केलं, मधे पावसाळा गेला, आता थंडी पडायला लागलीय, म्हणजे तिन्ही मोसमात वापरून झालंय.

आधी डिस्क झिजलीय हे कसं ओळखायचं ते सांगतो, कारण बरेच जण वरवर बघून "अजून चालेल" म्हणतात. डिस्कवर किंवा तिच्या मधल्या भागावर कुठंतरी मिनिमम थिकनेस कोरलेला असतो, तो आकडा शोधायचा. मग मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवा, पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा घर्षणाचा तुकडा) डिस्कच्या अगदी कडेपर्यंत घासत नाही, त्यामुळं बाहेरच्या बाजूला एक न झिजलेली कड उभी राहते, आणि साधा व्हर्नियर लावला की तो त्या कडेवर बसतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. मायक्रोमीटरनं कडेच्या आत, चार-पाच ठिकाणी मोजायचं. सगळीकडं आकडा सारखा नसेल तर लिव्हरला जी धकधक लागते तिचं कारण बहुतेक तिथंच सापडतं. डिस्क "बेंड झाली" असं आपण सरसकट म्हणतो पण पुष्कळदा ती बेंड नसते, जाडी कमीजास्त झालेली असते नाहीतर पॅडचा थर एका जागी चिकटलेला असतो.

आता निवड. बाजारात गेलं की तीन प्रकार समोर येतात: कंपनीच्या मापाची साधी गोल डिस्क, पाकळ्यांची पेटल डिस्क, आणि मोठ्या मापाची डिस्क सोबत कॅलिपर ब्रॅकेट, म्हणजे पॅड दाबणारा कॅलिपर नव्या जागी धरून ठेवणारी पट्टी. मी साधी गोल, मूळ मापाचीच घेतली आणि मला ती निवड आजही पटते. पेटल दिसायला छान, थोडी हलकीही, पण त्यानं गाडी लवकर थांबते असं काही नाही. मोठ्या डिस्कचा फायदा मात्र खरा आहे, पॅड चाकाच्या मध्यापासून जितका लांब पकडेल तितका तेवढ्याच दाबात ब्रेक जास्त लागतो, शिवाय मोठी डिस्क उष्णताही जास्त सहन करते. पण मग ब्रॅकेट कुणी बनवलाय, कुठल्या मटेरियलचा आहे, कॅलिपर डिस्कला बरोबर समांतर बसतोय का, हे सगळं बघावं लागतं. ब्रेकचा सगळा ताण त्या ब्रॅकेटवर येतो, आणि लोकल लेथवर कापलेल्या पट्टीवर मी माझ्या मागं बसणाऱ्या माणसाचा जीव ठेवणार नाही. नामांकित कंपनीचं पूर्ण किट असेल तर वेगळी गोष्ट.

एका दुकानात मला मूळ मापाच्या नावाखाली एक स्वस्त डिस्क दाखवली, काचेवर ठेवली तर हलत होती. नवीकोरी डिस्क! म्हणून घेताना सपाट काचेवर ठेवून बघाच. आणि ज्यांच्या गाडीला एबीएस आहे त्यांनी सेन्सरच्या रिंगचं फिटिंग जुळतंय का ते आधी तपासा.

पॅड सिंटर्ड, म्हणजे धातूची पूड दाबून-तापवून बनवलेले घेतले, मागच्या पत्र्यावर एचएच असा कोड आहे. पहिलं अक्षर कमी तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. एच म्हणजे घर्षणांक ०.५५ च्या वर, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. दोन्ही अक्षरं सारखी असली की थंड आणि तापलेल्या ब्रेकमध्ये फार फरक पडत नाही, आणि घाटात हेच तर पाहिजे असतं. ऑरगॅनिक, म्हणजे तंतू आणि रेझिनचे पॅड वाईट नसतात बरं का, गावात फिरायला ते मऊ लागतात, आवाज कमी, डिस्कही कमी खातात. पण ओल्या रस्त्यावर ऑरगॅनिक पॅडला पहिला क्षणभर जो उशीर लागतो, लिव्हर दाबली आणि काहीच झालं नाही असं वाटतं आणि मग एकदम पकडतो, तो सिंटर्डमध्ये जवळजवळ गेला. आमच्याकडच्या पावसात मला हाच सगळ्यात मोठा फायदा वाटला.

ब्रेक ऑइल लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत नेणारी नळी, म्हणजे होज, ब्रेडेड टाकला, आत टेफ्लॉनची नळी आणि वर स्टीलची जाळी. जुना रबरी होज वयानं फुगायला लागतो, म्हणजे बोटांचा थोडा जोर नळी फुगवण्यातच जातो. ब्रेडेडनं लिव्हर घट्ट झाली, कमी अंतरात पकडते, आणि मुख्य म्हणजे किती दाबलं की किती ब्रेक लागणार हे बोटाला कळतं. नुसत्या होजनं थांबायचं अंतर खूप कमी होतं असं कुणी सांगत असेल तर मला तसं जाणवलं नाही, कंट्रोल मात्र नक्की वाढतो. फिटिंग करताना तांब्याचे वॉशर नवेच टाकायचे, आणि हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून, फोर्क पूर्ण उघडलेला असताना होज कुठं ताणतोय का घासतोय का ते बघायचं.

ब्रेक ऑइल डॉट ४ ग्रेडचं. नवीन डॉट ४ किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दबते, लिव्हर हँडलला टेकते आणि गाडी पळतच राहते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलाच, ते काळं दिसो न दिसो. डॉट ५ मात्र चुकूनही टाकू नका, ते सिलिकॉनचं असतं, डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळत नाही.

फिटिंगला मेकॅनिककडं मी स्वतः उभा होतो. हबची जागा घासून स्वच्छ केली, कारण तिथं गंजाचा कण राहिला तरी डिस्क वाकडी फिरते. बोल्ट थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावून समोरासमोरचे आळीपाळीनं आवळले, डिस्क ब्रेक क्लीनरनं पुसली, कॅलिपरच्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं. या पिनांकडं कुणीच बघत नाही आणि त्या अडकल्या की एकच पॅड झिजतो, मग पॅडच्या कंपनीला शिव्या.

नवीन पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून सुरुवातीला रिकाम्या रस्त्यावर साठच्या स्पीडवरून दहा-पंधरावर आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मधे थोडं गार होऊ द्यायचं, असं पुन्हा पुन्हा केलं. त्याआधी ब्रेक लाकडासारखा लागत होता, नंतर खुलला.

खरी परीक्षा अंबेनळी घाटात. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना साधारण चाळीस किलोमीटरमध्ये तुम्ही तेराशे मीटरच्या आसपासच्या उंचीवरून जवळजवळ कोकणाच्या पातळीला येता, गाडी १९२ किलोची, वर दोघं आणि सामान, आणि ही सगळी उंची कुठंतरी उष्णता होऊनच जाणार, इंजिनात नाहीतर ब्रेकमध्ये. आधी शेवटच्या वळणांना लिव्हर थोडी लांब जायची. आता वरच्या पहिल्या वळणाला आणि खाली पोलादपूरच्या अलीकडं लिव्हर त्याच जागी पकडते. अर्थात दुसरा-तिसरा गिअर ठेवून इंजिनवरच उतरायचं, ब्रेक नुसता धरून ठेवायचा नाही, वळणाआधी दाबून सोडायचा. आणि घाट उतरून लगेच थांबलात तर तापलेल्या डिस्कवर ब्रेक आवळून उभं राहू नका, पॅडचा ठसा उमटतो आणि तीच धकधक सुरू होते. सपाट जागा असेल तर न्यूट्रल करून लिव्हर सोडा.

त्रास काय काय? सकाळी गार असताना पहिल्या एक-दोन ब्रेकला बारीक किर्रर्र येतं, काळी धूळ जास्त पडते, आणि डिस्क ऑरगॅनिकपेक्षा लवकर झिजणार हे उघड आहे. आतापर्यंत मायक्रोमीटरवर फरक दिसलेला नाही. पावसाळ्यानंतर कॅलिपर उघडून धुतला तेव्हा एक पिन जड झाली होती, ग्रीस लावल्यावर मोकळी झाली. पुढचा ब्रेक एवढा चांगला झाल्यावर ओल्या रस्त्यावर एबीएस नसलेल्या गाडीचं पुढचं चाक लॉक करणंही सोपं होतं, त्यामुळं लिव्हर झटक्यानं नाही, दाब वाढवत न्यायची, आणि टायर घोटलेला असेल तर पैसे आधी टायरवर घाला.

मागच्या ड्रमला नवीन शू टाकायचे राहिलेत, ते पुढच्या सर्व्हिसला. पुढच्या ब्रेकसाठी ज्याला थोडाच खर्च परवडत असेल त्यानं ताजं ऑइल आणि चांगले पॅड एवढं करावं, होज नंतर, आणि डिस्कला मिनिमम थिकनेस येईपर्यंत हात लावू नये.