घारापुरी बेट की शहरातले म्युझियम: ठाणे-नवी मुंबईकरांनी कोणता दिवस कुठे घालवावा

घारापुरीच्या (एलिफंटाच्या) लेण्यांचे मूळ वैभव आज तीन ठिकाणी विभागलेले आहे. डोंगरातून हलवता न येणारे सगळे बेटावर राहिले. हलवता आले त्यापैकी दगडी हत्ती भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. काही सुटी शिल्पे काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. त्यामुळे ‘घारापुरी बघायची’ म्हणजे नक्की कुठे जायचे, हे घरातून निघण्याआधी ठरवलेले बरे. तिन्ही एकाच दिवसात बसवायला गेलात तर तिन्ही अर्धवट राहतात.

आधी वारांचे गणित. बेटावरची लेणी सोमवारी बंद. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि ते ज्या आवारात आहे ती राणीची बाग बुधवारी बंद. काळा घोड्याचे वस्तुसंग्रहालय काही मोजक्या राष्ट्रीय सुट्ट्या सोडल्या तर आठवडाभर उघडे असते, वेळ सकाळी सव्वादहा ते संध्याकाळी सहा. रविवारी मात्र तिन्हीकडे जाताना मेगाब्लॉक पाहूनच निघा. ब्लॉक साधारण सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी उशिरापर्यंत चालतो. सकाळी जाताना त्याचा त्रास जाणवत नाही, परतीला तो हमखास आडवा येतो.

बेटावर जायचे तर वेळेला किंमत आहे. ठाण्याहून जलद लोकलने सीएसएमटी पाऊण तासाच्या आसपास, पुढे गेटवेपर्यंत सुमारे अडीच किलोमीटर, म्हणजे टॅक्सी, बस किंवा अर्ध्या तासाची चाल. लाँचला एक तास. उतरल्यावर धक्का लांबलचक आहे. टॉय ट्रेनचे तिकीट वेगळे घ्यावे लागते, पण चालायला जमत असेल तर तिची गरज नाही. त्यानंतर सुमारे १२० पायऱ्या. ठाण्यातून आठला निघालेला माणूस सगळे सुरळीत झाले तर साडेअकराला मुख्य लेण्यासमोर असतो. दहाला निघालेला दीडला पोहोचतो, आणि परतीची लाँच गाठायच्या धास्तीने शिल्पांसमोरून नुसता चालत जातो. लोक बेटावर निराश होतात ते बहुतेक याच कारणाने, लेण्यांचा त्यात दोष नसतो.

नवी मुंबईकरांना इथे एक मोह होतो. नकाशात बेट न्हावा-उरणच्या समोर दिसते, तालुकाही उरण, आणि उरणपर्यंत लोकल २०२४पासून धावते. मग गेटवेला वळसा कशाला? कारण पर्यटकांच्या नियमित लाँच गेटवेवरून सुटतात. उरणच्या बाजूच्या होड्या गावच्या कामासाठी आणि गावच्या वेळेने चालतात. ओळखीचे कुणी असेल तरच तिकडून जाण्याचा विचार करा, एरवी हार्बरने थेट सीएसएमटी गाठा.

लाँचबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १८ डिसेंबर २०२४ला याच मार्गावर मोठी दुर्घटना झाली. लाइफ जॅकेट मांडीवर घेऊन बसायचे नाही, अंगात घालून पट्टे आवळायचे. मुलांसाठी लहान मापाचे मागून घ्या. मोठ्यांचे जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निसटते. मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढतो आणि परतीची लाँच जास्त हलते. ज्यांना मळमळते त्यांनी वरच्या डेकऐवजी खाली मध्यभागी बसावे. पावसाळ्यात फेऱ्या हवामानावर अवलंबून असतात, पायऱ्यांवर शेवाळ असते, लेण्यात उजेड कमी असतो. जून ते सप्टेंबर हा प्रश्न सरळ निकालात काढा: त्या महिन्यांत शहरातले म्युझियम.

बेटावर पुरातत्त्व खात्याचे छोटे संग्रहालयही आहे. त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे माहीत हवे. मूर्तींचा खजिना बघायला मिळेल असे समजून गेलात तर पाच मिनिटांत बाहेर याल. ते आहे लेणी समजून घेण्यासाठी, म्हणून लेण्यात शिरण्याआधी तिथे वीस मिनिटे द्या. बहुतेक जण परत जाताना दमून डोकावतात, तेव्हा ती माहिती कुठल्याच शिल्पाला लावता येत नाही.

मुख्य लेण्यात काय पाहायचे, तर नऊ मोठे शिल्पपट. उत्तरेचे दार, त्यामुळे आत थेट ऊन येत नाही. डोळे सरावायला पाच-सात मिनिटे लागतात. तेवढा वेळ न देता मोबाइलचा फ्लॅश मारला की दगड सपाट दिसतो आणि शिल्पाचा उठाव मरतो. दक्षिणेच्या भिंतीतल्या ज्या शिल्पाला सगळे त्रिमूर्ती म्हणतात, त्यात ब्रह्मा-विष्णू-महेश नाहीत. तिन्ही मुखे शिवाचीच, रूप सदाशिवाचे. तुमच्या डावीकडचे मिशीवाले उग्र मुख अघोर-भैरवाचे, मधले शांत, उजवीकडचे हातात कमळ घेतलेले उमेचे सौम्य रूप. या शिल्पाकडे तोंड केले की तुमच्या डाव्या हाताला अर्धनारीश्वर, उजव्या हाताला गंगाधर, म्हणजे जटेत गंगा झेलणारा शिव. या तिघांना मिळून अर्धा तास द्या, मग पश्चिमेचे चार दारांचे लिंगगर्भगृह आणि त्याचे द्वारपाल. पूर्वेच्या अंगणाशेजारच्या दालनात मातृका, म्हणजे मातृदेवता आहेत. तिथे गर्दी फिरकत नाही. बाकीची लेणी अपुरी किंवा मोडलेली आहेत. वेळ कमी असेल तर ती सोडा, तोफांची टेकडीही सोडा.

हे सगळे कुणी खोदले याचे उत्तर फलकावर एका ओळीत मिळेल, पण ते तितके सोपे नाही. बेट १५३४मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. लेण्यावरचा लेख असलेला दगड त्यांनी काढून नेला आणि तो हरवला. त्यामुळे काळ ठरवायचा तो शैलीवरून आणि बेटावर सापडलेल्या कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाच्या तांब्याच्या नाण्यांवरून, म्हणजे सहाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या ६३४च्या शिलालेखात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने जिंकलेली ‘पुरी’ ही नगरी पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून येते. ती पुरी म्हणजे हीच घारापुरी का, यावर विद्वानांचे एकमत नाही. ठाण्याला राजधानी असलेले शिलाहार राजेही स्वतःला पुरीशी जोडत.

आता भायखळा. हत्ती मूळचा बेटाच्या धक्क्याजवळचा, त्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. १८१४मध्ये त्याचे डोके-मान कोसळली, १८६४मध्ये तुकडे मुंबईत आले, १९१४मध्ये ते पुन्हा जोडले गेले. सांधे अजून दिसतात, जवळ जाऊन पाहावेत. बागेत येणारी बहुतेक मंडळी पेंग्विनकडे धावतात आणि हत्तीशेजारून निघून जातात. त्याच्यासाठी पंधरा मिनिटे पुरतात. संग्रहालयाची १८७२ची इमारत आणि आतली जुन्या मुंबईची मॉडेल्स हा वेगळा विषय, त्याला दीड तास. पण लेण्यांसाठी म्हणून जाणार असाल तर एकट्या हत्तीवर दिवस खर्चू नका.

ठाण्याहून भायखळा सोपे, सीएसएमटी लोकलने थेट. नवी मुंबईकरांनी मात्र ध्यानात ठेवा की हार्बरची गाडी भायखळ्याला जात नाही. कुर्ल्याला बदला, किंवा सँडहर्स्ट रोडला वरच्या हार्बर फलाटावरून खाली उतरून धीम्या गाडीने एक स्टेशन मागे या. सँडहर्स्ट रोडला गर्दी कमी, वृद्ध सोबत असतील तर जिने मात्र खूप. ऐरोली-घणसोलीकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन बदलावे.

काळा घोड्याचे वस्तुसंग्रहालय या तिघांत सर्वात कमी कष्टाचे आणि शिल्पांच्या बाबतीत सर्वात जास्त देणारे. घारापुरीचा ब्रह्मा आणि महिषासुरमर्दिनी शिल्पदालनात आहेत. न दिसल्यास रखवालदाराला विचारा. बेटावर जे शिल्प मान उंच करून अंधारात पाहावे लागते, त्याच घडणीचे काम इथे डोळ्यांच्या पातळीवर आणि नीट उजेडात मिळते: अलंकारांची धार, वस्त्राची चुणी, छिन्नीने सोडलेल्या जागा. सोपाऱ्याच्या अशोककालीन शिलालेखाचा तुकडाही याच संग्रहात आहे. मोठी पिशवी दारात ठेवावी लागते, तेव्हा डबा-बाटल्यांचे ओझे आणू नका.

गुडघ्याचा त्रास असलेले कुणी सोबत असेल, तान्हे मूल असेल किंवा निघायला अकरा वाजणार असतील तर काळा घोडा. बेटावर डोलीची सोय आहे, पण धक्का, लाँचमध्ये चढ-उतार आणि लेण्यातली ओबडधोबड जमीन चुकत नाही. पाय धड असतील आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आठवड्याच्या मधला एक दिवस मोकळा असेल तर बेट, आणि त्याच दिवशी काळा घोडाही जमतो: दहाची लाँच, साडेअकरा ते दीड लेणी, दोनची परतीची लाँच, तीनला गेटवे. तिथून वस्तुसंग्रहालय चालत दहा-बारा मिनिटांवर. क्रम उलटा करू नका. दुपारनंतर बेटाकडे जाणाऱ्या लाँच बंद होतात.

लेण्यांचे तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालील मुलांना मोफत. ग्रामपंचायतीचा किरकोळ कर वेगळा, त्यासाठी सुटे पैसे ठेवा. पायऱ्यांवर कैरी, चिंचा, काकडी मिळते. हातात उघडी धरलीत तर माकडे ओढून नेतात, रंगीत पेयांच्या बाटल्याही. जेवण गेटवेला परतल्यावरच करा, नाहीतर तुम्ही जेवणाच्या टेबलावर असतानाच दोनची लाँच निघून जाते.