पीएएसजीटी हेल्मेट: गोळीसाठी नव्हे, तोफगोळ्याच्या तुकड्यांसाठी

१५५ मिमीचा तोफगोळा फुटला की पोलादी कवचाचे धारदार तुकडे सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगाने सुटू शकतात. आकार वेडावाकडा, त्यामुळे हवेत वेग झपाट्याने उतरतो. ऐंशीच्या दशकातल्या या अमेरिकी हेल्मेटचा (पीएएसजीटी म्हणजे पायदळासारख्या जमिनीवरच्या सैनिकांसाठीची संरक्षक साधने) उपयोग वेग असा उतरल्यावरच. ते म्हणजे रेझिनने (चिकट राळेने) दाबून घट्ट केलेले केवलार या मजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडाचे थर; १.१ ग्रॅमचा चाचणी-तुकडा त्यांवर सुमारे ६१० मीटर प्रतिसेकंद वेगाने आदळला, तर साधारण निम्म्या वेळा आरपार जातो. म्हणजे जवळच्या स्फोटात हमी नाही, आणि रायफलच्या गोळीचे तर नावच नको.

खरी मेख आतल्या पट्ट्यांत आहे. त्या डोके आणि हेल्मेटचे कवच यांत बोटभर पोकळी राखतात, आणि ती हवीच, कारण तुकडा अडला तरी केवलार आत फुगते. जाड टोपी किंवा स्पंज कोंबून ती जागा भरणे म्हणजे तो फुगवटा थेट कवटीवर घेणे.

सरप्लसमधले (सैन्याने विकून टाकलेले जुने) हेल्मेट घेताना कडेची रबरी पट्टी सुटलेली, थर उकललेले किंवा कुणी भोक पाडलेले दिसले तर घेऊ नका. वजन मापानुसार १.४ ते १.९ किलो, मान अवघडते. पोटावर झोपल्यावर मागची कड चिलखती जॅकेटच्या कॉलरला अडते आणि हेल्मेट डोळ्यांवर येते.