सोपयूआय: डेटा टाइपच्या एररवर भारी टूल
ईआरपीची (कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची) वेब सर्व्हिस, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडून डेटा घेणारी सोय, नुसतं 'डेटा टाइप चुकीचा' म्हणून मोकळी होते, कुठल्या फील्डमध्ये ते तुम्ही शोधत बसा! तिथे वेब सर्व्हिस तपासायचं हे टूल खरंच कामाला येतं. डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचं वर्णन देणारी फाइल) टाकली की सॅम्पल रिक्वेस्ट तयार, आणि पाठवायच्या आधीच व्हॅलिडेट केलं की स्कीमात (कुठल्या फील्डला कसा डेटा चालतो त्या नियमांत) न बसणारी ओळ दाखवतं. म्हणजे डेसिमलमध्ये (दशांश संख्येच्या फील्डमध्ये) १,२५० असा स्वल्पविराम चालत नाही, रिकामा टॅग म्हणजे नल (मूल्यच नाही) नव्हे, नलसाठी टॅगमध्ये निल ट्रू (xsi:nil="true") लिहावं लागतं, तेही स्कीमात परवानगी असेल तरच, आणि बुलियनला (हो-नाही फील्डला) 'वाय' दिलंत तर गेलंच, ट्रू-फॉल्स नाहीतर १-०. इंटरफेस मात्र जुनाट. ओपन सोर्स व्हर्जन फुकट आहे, पण सर्व्हरच्या आतले नियम टूलला कळत नाहीत, तिथे लॉगच बघावा लागतो.