सीएसआर की आयसीएमआर? ग्रामीण रुग्णालयाने पैसा कुठे मागावा

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडच्या रुग्णालयात जन्मल्यावर तासाभरात बाळं गार पडतात, ते थांबवायचंय. पैसा नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीकडून सीएसआरमधून (कंपनीचा सामाजिक कामांसाठीचा निधी) मागायचा की आयसीएमआरकडे (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद)?

सीएसआरमधून वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र), थर्मामीटर, इन्व्हर्टर लवकर मिळतात. मदत ज्या संस्थेमार्फत येणार, तिची १२अ, ८०जी (दोन्ही प्राप्तिकर सवलतीच्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) नोंदणी हवी. सरकारी रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांचं पत्रही जोडा. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून प्रस्ताव दिवाळीआधीच द्या. देखभालीचा करार आणि सुटे भाग बजेटमध्ये पहिल्याच दिवशी लिहा. नाहीतर उद्घाटनाचे फोटो निघतात आणि वॉर्मर वर्षभरात कोपऱ्यात जातो.

आयसीएमआर आधी प्रश्न विचारतं: कोणत्या बदलामुळे शरीराचं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसखाली जाणारी बाळं कमी होतील, आणि ते मोजणार कसं? नैतिकता समितीची मंजुरी लागते, वेळही बराच जातो. पण संशोधन सहायकाचा पगार इथेच निघतो. खरी अडचण पुढे येते. उपयोगिता प्रमाणपत्र (मिळालेला पैसा कसा खर्च झाला याचा दाखला) रखडलं की हप्ता अडतो, पगार थांबतो, नोंदी घेणारी मुलगी सोडून जाते. त्या महिन्यांची तापमानं मग कुठूनही मिळत नाहीत. हिशेबनीस पहिल्या दिवसापासून नेमा.

उपाय माहीत आहे पण साधनं नाहीत, त्यांनी सीएसआरकडे जावं. उपायच शोधायचा असेल आणि वैद्यकीय महाविद्यालयातलं कुणी जोडीला असेल, तर आयसीएमआर.