घडीच्या बाबागाडीचे आठ महिने आणि मुंबई-अलिबाग-मुरूडचा एक आठवडा

गेल्या ऑगस्टमध्ये, मुलगी वर्षाची होत आली असताना, आम्ही घडी घालता येणारी एक हलकी बाबागाडी घेतली. वजन सहा किलोंच्या आसपास, किंमत साडेआठ हजार रुपये. घडी घातली की ती रेल्वेच्या सामानाच्या फळीवर बसते आणि पट्ट्याने खांद्याला अडकवता येते. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच बांधणीच्या गाड्या आता बरेच जण विकतात आणि माझे म्हणणे एखाद्या नगाविषयी नसून त्या बांधणीविषयी आहे. पहिले पाच महिने गाडी पुण्यातच, सोसायटीच्या आवारात आणि संध्याकाळी बागेत फिरली. तेवढ्यावर लिहिण्यासारखे काही नव्हते. जानेवारीत मात्र सतरा महिन्यांच्या मुलीला घेऊन आम्ही आठवडाभर बाहेर पडलो, तीन रात्री मुंबईत आणि तीन अलिबाग-मुरूडच्या बाजूला, आणि गाडीची खरी परीक्षा त्या सात दिवसांत झाली.

त्या आठवड्यानंतर माझे मत असे झाले आहे की ही गाडी वाहन म्हणून घेऊ नये, चाके लावलेला पाळणा म्हणून घ्यावी. आमची मुलगी दुपारी साडेबारा ते अडीच झोपते आणि ती झोप चुकली की रात्रीपर्यंत घरात कोणाचेच काही खरे नसते. म्हणून आखणी करताना प्रेक्षणीय स्थळांची यादी आम्ही बाजूला ठेवली आणि रोज साडेबाराला आपण कोठे असू, तेथे जमीन सपाट आहे का, सावली आहे का, आणि तिच्या झोपेच्या दोन तासांत आपल्यापैकी एकाला तरी काही पाहता येईल का, एवढेच आधी ठरवले. बाकीचा दिवस त्या दोन तासांच्या अलीकडे-पलीकडे आपोआप बसत गेला. गाडीच्या जोडीला पाठीला बांधायचे कापडी बेबी कॅरिअर होते आणि सासूबाईंनी आग्रहाने दिलेली एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी होती. साडीचे ओझे कशाला, असे मी तेव्हा म्हटले होते.

जाताना डेक्कन क्वीन घेतली, कारण ती सकाळी सव्वासातला पुण्याहून निघून दहा पंचवीसला मुंबईत पोचते आणि दुपारची झोप मुंबईत उतरल्यावरच येते. पाच वर्षांखालील मुलांना रेल्वेत तिकीट लागत नाही, पण त्यांना वेगळी जागाही मिळत नाही. जागा हवी असेल तर पूर्ण भाडे भरावे लागते. आम्ही ते भरले आणि आठवड्यातला तो सर्वांत शहाणा खर्च ठरला, कारण तीन तास मांडीवर वळवळणारे मूल आणि शेजारच्या जागेवर डबा उघडून बसलेले मूल यांत फार फरक असतो. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे शेवटचे स्थानक असल्याने लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या फलाटांवरून जिना न चढता थेट बाहेर येता येते. फलाटावरच बाबागाडी उघडली आणि टॅक्सीपर्यंत ढकलत नेली. टॅक्सीजवळ मात्र घडीचे मोल कळले. मुंबईच्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर चालतात, डिकीचा बराचसा भाग सिलिंडरने व्यापलेला असतो आणि मोठी बॅग टपावरच्या कॅरिअरवर जाते. आमची गाडी पुढच्या सीटखाली पायांशी आडवी मावली. मोठ्या चाकांची, मजबूत बाबागाडी घेतली असती तर तिथेच पंचाईत झाली असती.

फोर्टच्या पदपथांवर गाडी चालते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पेव्हर ब्लॉकच्या फटींत पुढची छोटी चाके आडवी होऊन अडकतात, मध्येच फेरीवाल्याचे टेबल येते आणि पदपथ संपतो तेथे वीतभर उंचीची पायरी असते. तेवढ्या अंतरासाठी आम्ही मुलीला कॅरिअरमध्ये घेत होतो आणि गाडीत सामान ठेवून ती हमालगाडीसारखी ढकलत होतो. याउलट मरीन ड्राइव्हचा रुंद, गुळगुळीत फूटपाथ या गाडीसाठीच बांधल्यासारखा आहे; पहिल्या संध्याकाळी चर्चगेटच्या बाजूपासून गिरगाव चौपाटीपर्यंत आम्ही एकदाही चाक न उचलता गेलो. समुद्राकडच्या कठड्यावर चढू पाहणारे मूल असेल तर गाडीचा पाच ठिकाणी बांधायचा पट्टा तेथे कामी येतो.

दुसरा दिवस, म्हणजे मंगळवार, राणीच्या बागेला दिला. बुधवारी ती बंद असते, त्यामुळे तीन दिवसांचा क्रम त्यावरूनच ठरला. आतल्या वाटा पक्क्या आहेत, जुन्या झाडांची सावली दाट आहे आणि पेंग्विनच्या दालनात एवढा गारवा असतो की मुलासाठी स्वेटर बरोबर ठेवावा. पेंग्विन पाहायला आम्ही गेलो होतो. मुलगी काचेपुढे अर्धा मिनिट उभी राहिली आणि नंतर बाहेर पाला झाडणाऱ्या बाईंच्या खराट्याकडे वीस मिनिटे पाहत बसली. साडेबाराला एका मोठ्या झाडाखाली पाठ आडवी केली, टप पुढे ओढला, त्यावर ओढणी टाकली आणि ती सव्वादोनपर्यंत झोपली. पाठ पूर्ण सपाट होत नाही, थोडा उतार राहतो. लहान बाळाला तो चालणार नाही, दीड वर्षाच्या मुलाला चालतो.

बुधवारी नेहरू विज्ञान केंद्र पाहिले. कफ परेडपर्यंत ऑक्टोबर 2025 पासून सुरू झालेल्या भूमिगत मेट्रोने तेथे जाता आले, लिफ्ट असल्याने घडी घालावी लागली नाही, आणि केंद्राच्या उघड्या विज्ञान उद्यानात धावायला भरपूर जागा आहे. दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलगी गाडीत झोपलेली असताना आम्ही पाळ्या लावल्या: एकाने आवारात सावलीला गाडीपाशी थांबायचे, दुसऱ्याने आत तास काढायचा. लग्नानंतर इतक्या शांतपणे एकट्याने संग्रहालय पाहण्याची माझी ही पहिलीच वेळ होती.

याच दिवशी एक फजितीही झाली आणि ती या गाडीच्या खऱ्या दोषामुळे झाली. हँडलला पिशव्या अडकवायचा मोह सर्वांनाच होतो. आम्ही पाण्याच्या दोन बाटल्या आणि डायपरची पिशवी अडकवली होती. मुलीला उचलताच पुढचे वजन गेले आणि गाडी धाडकन मागे उलटली, थर्मासची काच फुटली. मूल आत असताना हे झाले असते तर, हा विचार नंतर बराच वेळ डोक्यातून गेला नाही. हलक्या बांधणीची ही किंमत आहे, आणि माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ती लिहिलेलीही असते. सामान खालच्या टोपलीतच ठेवावे. टोपली लहान आहे, म्हणून सामानच कमी न्यावे.

गुरुवारी गेटवेहून लाँचने मांडव्याला गेलो. सुमारे तासाभराचा प्रवास, आणि तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस. गेटवेच्या धक्क्यावरच्या ओल्या दगडी पायऱ्या मूल, बॅगा आणि घडी घातलेली गाडी घेऊन उतरणे दोन माणसांनाही जड जाते. मुलगी पाठीला बांधलेली होती म्हणून दोन्ही हात मोकळे राहिले आणि निभावले. स्वतःची मोटार असेल तर भाऊच्या धक्क्याहून सुटणारी रो-रो बोट घ्यावी, कारण तीत मोटारीसकट चढता येते. पुढच्या वेळी आम्ही तेच करू, आणि त्याचे खरे कारण पुढे येते.

अलिबागला आम्ही हॉटेलऐवजी नारळी-पोफळीच्या वाडीतले एक जुने घर घेतले. मुंबईच्या खोलीत मेतकूट-भातासाठी रोज स्वयंपाकघराची मनधरणी करावी लागली होती. इथे घरमालकीण काकूंनी न सांगता गुरगुट्या भात तुपासह समोर ठेवला. ओटीवर झोपाळ्याच्या कड्या होत्या. झोपाळा काढून काकूंनी त्या कड्यांना सासूबाईंची साडी बांधली, झोळी केली आणि आमची मुलगी, जिची झोळीची सवय कधीच मोडली होती, तीत पावणेतीन तास झोपली. साडेआठ हजारांची गाडी अंगणात घडी घालून उभी होती.

अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला पाहायचा तर ओहोटीची वेळ साधावी लागते, आणि लहान मूल असेल तर ती ओहोटी सकाळची हवी. मोबाइलवर वेळापत्रक मिळते, पण काकूंचा हिशेब तोंडपाठ होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते आणि तिथून सहा-सव्वासहा तास मोजले की सुकतीची. शुक्रवारी वसंत पंचमी होती. "पाचाची पाऊणपट पावणेचार. पावणेचारला भरती, म्हणजे दहाला पुरी सुकती. नऊला निघा नि अकराच्या आत परत या," एवढे सांगून त्या नारळ सोलायला गेल्या. वेळापत्रकाशी ताडून पाहिले, तर फरक काही मिनिटांचाच होता. किनाऱ्यावर घोडागाड्या मिळतात, पण आम्ही मुलीला कॅरिअरमध्ये घेऊन चालत गेलो. वाटेतल्या खडकांवर कालवे चिकटलेली असतात आणि त्यांच्या धारेने पाय कापतो, त्यामुळे चप्पल हातात घेऊन अनवाणी चालण्याची हौस करू नये. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, गोड्या पाण्याचे तळे आहे, आणि खारे पाणी चारी बाजूंनी असताना ते तळे पाहून मोठ्यांनाच नवल वाटते. बाबागाडी या संपूर्ण दिवसात लागली नाही.

शनिवारी भाड्याच्या मोटारीने काशीदवरून मुरूडला गेलो. काशीदच्या वाळूत बाबागाडी दहा पावलेही जात नाही. मी हट्टाने ओढत नेली आणि पुढच्या चाकांच्या आसांत वाळू गेली ती गेलीच. त्या रात्री गोड्या पाण्याने चाके धुतली, पुसली आणि घरमालकांकडून शिलाई मशिनचे तेल मागून घातले, तरीही डावे चाक तेव्हापासून कुरकुरते आहे. जंजिरा आम्ही राजपुरीच्या किनाऱ्यावरूनच पाहिला. शिडाच्या हलत्या होडीत मुलाला घेऊन चढणे-उतरणे आणि आत उघड्या तटांवर त्याच्यामागे धावणे, हे दोन्ही मनाला पटले नाही. मुलगी पाच-सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा जाऊ.

रविवारी ताम्हिणी घाटातून पुण्याला परतलो आणि आठवड्यातली आमची सर्वांत मोठी चूक त्या दिवशी लक्षात आली. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन असावे, असे मोटार वाहन कायद्यात 2019 पासून आहे, नसल्यास एक हजार रुपये दंड आहे. भाड्याच्या गाडीत बालआसन नव्हते आणि मागच्या सीटच्या पट्ट्याचे बक्कल सीटकव्हरखाली गाडले गेले होते. चालकाने कव्हर उचकटून ते काढून दिले, मी पट्टा लावून मुलीला कॅरिअरमध्ये छातीशी धरले, पण हा काही सुरक्षित उपाय नव्हे, आणि घाटातल्या वळणांवर तिला दोनदा उलटी झाली तेव्हा तर हात कमीच पडले. बाबागाडी, कॅरिअर, केटल, नाचणीसत्त्वाचे डबे असे सगळे आम्ही मोजून घेतले आणि जी वस्तू खरोखर जीव वाचवते ती जड म्हणून घरी ठेवली. रो-रो बोटीने स्वतःची मोटार न्यायची, ती यासाठी.

दिवसांचा क्रमही उलटा हवा होता. सोमवारी मुंबई आणि आठवड्याच्या शेवटी अलिबाग असे ठेवल्याने, त्यात 26 जानेवारीची सुट्टी जोडून आल्याने, शनिवारी किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती आणि खोलीचे भाडेही चढे पडले. आधी कोकण करून शनिवार-रविवार मुंबईला ठेवले असते तर किनारा मोकळा मिळाला असता, आणि रविवारी कचेऱ्या बंद असल्याने ओस पडणाऱ्या फोर्टमध्ये गाडी पदपथ सोडून रस्त्याच्या कडेनेही ढकलता आली असती.

आता आठ महिन्यांनंतरची गाडीची स्थिती. एका हाताने घडी घालण्याची कळ अजून पहिल्या दिवसासारखी चालते, आणि कडेवर मूल असताना याचे महत्त्व काय ते वापरणाऱ्यालाच कळते. ब्रेकच्या प्लास्टिकच्या पट्टीला चीर गेली आहे. टपाचे कापड उन्हाने फिकट झाले आहे, पट्ट्याच्या बकलात बिस्किटाचा चुरा बसतो आणि तो टाचणीने काढावा लागतो. डावे चाक हमीत बदलून मिळेल असे सांगण्यात आले, त्याला पाच आठवडे लागले, आणि आलेले चाक उजव्या बाजूचे होते. ते परत पाठवून आता तीन आठवडे झाले आहेत. वर्षातून एकदाच सहल करणाऱ्यांनी अशी गाडी भाड्याने घेतली तरी चालेल. आमच्याकडे ती रोज वापरात आहे, मुलगी अकरा किलोंची आहे आणि गाडीची मर्यादा पंधरा किलोंची, त्यामुळे आणखी वर्षभर ती पुरेल. मात्र अलीकडे मुलीला गाडीत बसायचे नसते, ती स्वतः ढकलायची असते, आणि आत बाहुली बसलेली असते.